नववी बाई

टीव्हीला जोडायचा तो जुना व्हिडिओ गेम आमच्या घरी अजून चालतो, आणि हे सांगताना मी उगाच छाती फुगवतो. करड्या प्लॅस्टिकचा डबा, वायरवाले दोन रिमोट आणि पाटीच्या तुकड्याएवढ्या पिवळ्या कॅसेट. शाळेत असताना तुमसरच्या बाजारातून आणलेला. आता मी चाळिशी ओलांडली आहे, करडीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो आणि गेल्या दिवाळीपासून त्याच डब्यासाठी नवा गेम बनवतो आहे.

काहून, असं दुकानात येणारा प्रत्येक जण विचारतो. मोबाइलमध्ये हजार गेम पडलेत, मग मेलेल्या डब्यासाठी कोण डोकं खाजवतो? माझं उत्तर एकच असतं. सकाळी सकाळी मोबाइलवर फुलांचा फोटो येतो ना, सुप्रभात लिहिलेला, त्या एका फोटोत या डब्याच्या अख्ख्या कॅसेटपेक्षा जास्त माल असतो. मग एवढ्याशा जागेत उड्या, शत्रू, ढग, गाणं हे सगळं मावतं तरी कसं? हा किडा एकदा डोक्यात शिरला की निघत नाही. माझ्या तर निघालाच नाही.

या डब्याशी बोलायचं तर त्याच्याच भाषेत, म्हणजे आकड्यांत. जगभरात माझ्यासारखे रिकामटेकडे बरेच आहेत, त्यांनी लिहून ठेवलेलं वाचत वाचत शिकलो. काळ्या पडद्यावर एक पांढरा चौकोन उमटवायला मला तीन आठवडे लागले. तो उमटला तेव्हा मी दुकानात एकटाच टाळ्या वाजवल्या, आणि समोरच्या गिऱ्हाइकाने आपला मोबाइल हळूच परत खिशात घातला.

गेम कशावर करायचा हे ठरवायला मात्र वेळ लागला नाही. भाताची लावणी, आमच्याकडची रोवणी. चिखल केलेल्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, बायका वाकून रांगेत धानाची रोपं रोवत जातात. खेळणाऱ्याने रांग सरळ ठेवायची, रोपांच्या जुड्या वेळेवर पुरवायच्या, पाऊस चढायच्या आत बांधी भरायची. नऊ बायका काढल्या, कारण मायच्या टोळीत नऊ जणी. लहानपणापासून मी तीच रांग पाहिली होती.

माय म्हणजे माझी आई. चाळीसेक वर्षं ती त्या रांगेच्या धुऱ्याकडच्या टोकाला होती. धुरा म्हणजे बांधीचा बांध. टोकावरची बाई वाकडी गेली की सगळी रांग वाकडी होते, म्हणून ते टोक तिचं. या पावसाळ्यात डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो पाहिला आणि सांगितलं, चिखलात पाय घालायचा नाही, यंदाही नाही आणि पुढेही नाही. तिने ऐकून घेतलं. मग सकाळी टोळी आमच्या दारावरून जायची वेळ झाली की ती उठून आतल्या खोलीत जायला लागली. बायका हाक मारायच्या, ही ओ द्यायची नाही. दुपारी खुर्चीत बसून भिंतीकडे बघायची. जेवण निम्म्यावर आलं. मला भीती वाटायला लागली. गुडघा दुखतो म्हणून माणूस मरत नाही, पण आपली जागा गेली म्हणून खंगतो, हे मी गावात पाहिलेलं आहे.

खोटं कशाला बोलू, गेम मी तिच्यासाठी सुरू केला नव्हता, माझ्या खाजेसाठी केला होता. पण आता वाटलं, निदान बसल्या जागी तिचा वेळ तरी जाईल.

लॅपटॉपवर डब्याची नक्कल करणारा एक प्रोग्राम असतो, त्यावर गेम झकास चालत होता. तो तिला दाखवला. तिने चष्मा चढवला, थोडा वेळ पाहिलं आणि विचारलं, "ह्या सामोर काहून जाऊन राहिल्या?"

मला कळलंच नाही. मग कळलं आणि कानशिलं तापली. रोवणी मागे सरकत करतात. पुढे चाललं तर आत्ताच रोवलेलं स्वतःच्याच पायाखाली येतं. करडीत जन्मलेला, शाळेला सुट्टी मिळताच धुऱ्यावर बसून डबा खाल्लेला मी, आणि माझ्या नऊही बाया धान तुडवत चालल्या होत्या. विदेशी गेममध्ये माणूस पुढेच पळतो, ती सवय माझ्या बोटांत बसलेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. माय मात्र हसली. कित्येक दिवसांत पहिल्यांदा हसली, माझ्यावर का असेना.

मी बायकांना उलट चालवलं, आणि गेम एकदम चांगला झाला. आपण कुठे चाललो ते दिसत नाही, जे झालं तेच दिसतं, आणि तरी रांग सरळ ठेवायची. ही गंमत मला सुचली असती तर मी वर्षभर मिरवलो असतो.

पुढचं काम खऱ्या डब्यावर चढवायचं. एका बंद पडलेल्या कॅसेटमधली चिप काढून तिथे दुसरी बसवली. ही चिप पुसायला खास दिवा लागतो. तो मी भंगारातल्या पाणी शुद्ध करणाऱ्या मशीनमधून काढला आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवला. वीस मिनिटं झाकण लावून ठेवलं की चिप कोरी. मग गेम भरायचा, कॅसेटमध्ये फुंकर मारायची आणि खटका दाबायचा. फुंकरीने काही होत नाही, उलट थुंकी उडून गंज चढतो, हे मी गिऱ्हाइकांना शिकवतो. तरी मारली.

टीव्हीवर चित्र आलं. बांधी, पाणी, धुरा, बायका. मला एवढा आनंद झाला की मी पडद्याकडे नीट पाहिलंच नाही. मायने पाहिलं. बोट उचलून तिने रांग मोजली, परत मोजली.

"आठच आहेत," ती म्हणाली. "नववी कुठी गेली?"

मी मोजल्या. आठ. लॅपटॉपवर नऊ होत्या. मागची वायर हलवली, कॅसेट काढून घातली, पुन्हा आठ. मग आठवलं. कुठेतरी वाचून सोडून दिलेलं होतं: हा डबा एका आडव्या ओळीत आठच हलती चित्रं काढू शकतो. नववं आलं की तो ते सरळ सोडून देतो. लॅपटॉपवरच्या नकलेत ही अट काढून टाकलेली होती, म्हणून मला पत्ता लागला नाही. मी मायला हे सगळं समजावून सांगितलं. डब्याचा नियम आहे, त्याच्यापुढे माझं काही चालत नाही, असंही म्हणालो.

ती पडद्याच्या उजव्या टोकाकडे पाहत होती, धुऱ्याजवळ. तिथे पाणीच होतं.

"मंग मलेच काहून काढलं?"

मी तिला काढलं नव्हतं. मी फक्त डावीकडून एकेक नाव लावत गेलो आणि टोकावरची शेवटी आली. जो शेवटी, त्याला डबा गाळतो. हे सांगून काय फरक पडणार होता? तिच्या घरातल्या पडद्यावरही तिची जागा कोरी होती, आणि ती मीच तिच्यासमोर मांडून ठेवली होती. मला स्वतःची लाज वाटली. टीव्ही बंद करायला उठलो तर तिने हाताने थांबवलं.

बांधी पुढे चिंचोळी होते, ती सांगायला लागली, तेव्हा नऊ जणी मावत नाहीत. मग एक जण धुऱ्यावर चढते, कंबर सोडवते, पाणी पिते. जरा वेळाने ती उतरते आणि दुसरी चढते. कोणाचं लेकरू रडलं तरी तसंच. बांधीत नेहमी आठ आणि टोळीत नेहमी नऊ.

"बारीबारीनं," ती म्हणाली. "एकच बाई दिवसभर धुऱ्यावर बसवली तं थे टोळी नव्हे."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. हा डबा सेकंदाला पन्नास चित्रं काढतो. प्रत्येक चित्रात वेगळी बाई गाळली तर? या वेळी पहिली, पुढच्या वेळी दुसरी, मग तिसरी. कोणीच कायमची जात नाही, सगळ्या जराशा लुकलुकतात. वीसेक ओळी लिहायला मला दोन दिवस लागले. नंतर कळलं की जुने गेमवाले हीच युक्ती कैक वर्षांपासून वापरत आले आहेत. असू दे. मला ती मायकडून मिळाली.

रविवारी संध्याकाळी टोळीतल्या बायकांना मी मुद्दाम चहाला बोलावलं. मायला न विचारता बोलावलं, त्यामुळे आधी शिव्या खाल्ल्या. आठही जणी आल्या, टीव्हीसमोर दाटीवाटीने बसल्या. पडद्यावर नऊ बाया लुकलुकत, मागे सरकत रोवत होत्या. लगेच वाटणी सुरू झाली, ही लाल लुगड्याची मी, ही जाडी तू. मायबरोबर पहिल्या वर्षापासून रांगेत असलेली तिची मैत्रीण मात्र धुऱ्याजवळच्या बाईकडे पाहत होती. लुकलुकतात काहून, असं तिने विचारलं. मी तोंड उघडायच्या आत मायने सांगितलं, बारीबारीनं धुऱ्यावर चढतात म्हणून.

मैत्रिणीने कप खाली ठेवला.

"मंग तुयी बारी आहे धुऱ्यावरची," ती म्हणाली. "घरात बसाची नाही."

मायने पदराने चष्मा पुसला. पुसून झाल्यावरही पुसतच राहिली.

सोमवारी दुपारी मी दुकानातून लवकर निघालो. पाऊस चढतानाचं गाणं शेवटी जमलं होतं आणि नवी कॅसेट खिशात होती. दार नुसतं लोटलेलं होतं. कोपऱ्यातली काठी नव्हती, तिची पाण्याची बाटली नव्हती. घरामागच्या बांधीच्या धुऱ्यावरून तिचा आवाज येत होता, कोणाला तरी ती रांग वाकडी गेल्याबद्दल झापत होती. मी कॅसेट लावली. गाणं खरंच चांगलं झालं होतं. नऊ जणी रोवत मागे आल्या, आणि समोरची खुर्ची रिकामी होती.