आप्पांची बुटकी मोटार

आप्पांना स्वतः बनवलेल्या मोटारीत बसता येत नसे. आधी पाय आत जायचे, मग पोट अडायचे; मग ते श्वास रोखायचे आणि दोघेजण त्यांना खांद्याला धरून आत सारायचे. एकदा बसले की मात्र चेहरा असा खुलायचा, की आता बाहेर कसे काढायचे हे विचारायचा कुणाला धीर होत नसे.

आप्पा निपाणीच्या तंबाखूवाल्या जैन घराण्यातले. तंबाखूत मन रमेना म्हणून त्यांनी बेळगावच्या उद्यमबागेत लोखंड ओतायची फौंड्री काढली. ट्रॅक्टरचे, पंपांचे भाग ओतून ती चांगली चालली. मी येळ्ळूरची, डिप्लोमा करून तिथे ड्रॉइंग काढायला लागले. त्यांच्या मुलीच्या वयाची असूनही ते मला आक्काच म्हणत. एका सकाळी म्हणाले, "आक्का, जलमभर दुसऱ्याच्या गाड्यांचं हातपाय वतलं. आता आपली स्पोर्ट्स कार."

इंजिन आणि काचा सोडून सगळे आपल्याच कारखान्यात करायचे, हा त्यांचा हट्ट. बॉडी फायबरची करू या, वजन कमी राहील, असे मी सुचवून पाहिले. "फायबर म्हंजे बादली," एवढे म्हणून त्यांनी विषय संपवला. दाराच्या मुठीसुद्धा ओतीव लोखंडाच्या झाल्या. दार लावले की शेजारच्या कारखान्यातली माणसे काय पडले ते बघायला बाहेर येत.

पहिली गाडी आम्ही बेळगुंदीच्या रस्त्याला नेली. पहिल्याच स्पीडब्रेकरवर ती पोटावर बसली. मागून रताळ्याचा टेंपो येत होता. त्याला दोर बांधून ती ओढून काढली, तीही आप्पांसकट, कारण त्यांना उतरवण्यात फार वेळ गेला असता. आप्पांच्या मेव्हण्यांनी गाडी थोडी उंच करा म्हणून सांगितले. उंच केली की टेंपो होतो, असे आप्पांचे उत्तर. मग टेंपोच का काढत नाही, असे मेव्हण्यांनी विचारले, आणि पुढे कित्येक दिवस दोघांचे बोलणे बंद राहिले.

गिऱ्हाईक आलेच नाही असे नाही. कोल्हापूरचे एक हॉटेलवाले हौसेने आले. आप्पांनी त्यांना गाडी चालवून दाखवायला लावले, गिअर करकरताना ऐकला आणि चहा पाजून परत पाठवले. आपली वस्तू अशा हातात द्यायची नाही म्हणाले.

त्याच सुमारास ट्रॅक्टरवाल्यांचे मोठे काम आले होते. कारखाना गाडीत गुंतलेला, म्हणून आप्पांनी त्यांना थांबायला सांगितले. ते थांबले नाहीत. काम दुसरीकडे गेले आणि आमचे पगार लांबू लागले. शेवटी भट्टीवरचे मल्लाप्पा, आप्पांचे सगळ्यात जुने कामगार, केबिनमध्ये आले. माणसे दुसरीकडे काम बघताहेत, मीही बघतोय, असे त्यांनी शांतपणे सांगितले. आप्पांनी मान हलवली आणि न जेवताच ते घरी गेले.

दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी तोवर झालेल्या सगळ्या गाड्या भट्टीत घालायला सांगितल्या. कुणी हात लावेना. तेव्हा त्यांनीच पाना घेतला आणि पहिले दार उतरवले. लोखंड वितळून पंपांच्या साच्यांत पडेपर्यंत ते भट्टीजवळून हलले नाहीत. "मल्लाप्पा, माल चांगला हाय," ते म्हणाले, "जपून वता."

फौंड्री पंपांवर पुन्हा उभी राहिली. गाड्यांच्या त्या लोखंडाचा एक पंप आमच्या येळ्ळूरच्या विहिरीवरही बसला. मला पुण्यात नोकरी लागली तेव्हा आप्पा निरोप द्यायला घरी आले आणि चहाआधी विहिरीवर गेले. बाबांनी मोटर चालू केली. पाणी उसळून पाटात पडले. आप्पा पंपावर तळहात ठेवून बराच वेळ ऐकत राहिले.

"आक्का," ते म्हणाले, "पिकअप लई हाय गं ह्याला."