चांग्शात राहिलेला डबा

डोंबिवलीहून निघताना बॅगेचं वजन जास्त भरलं, तेव्हा आईने माझी पुस्तकं बाहेर काढली आणि चिवडा आत ठेवला. चिवडा स्टीलच्या डब्यात होता. डब्यावर 'सौ. सुनंदा, डोंबिवली पूर्व' असं कोरलेलं होतं. "मुलगी नाही आली तरी चालेल, डबा परत आला पाहिजे," बाबा गमतीत म्हणाले. आई हसली नाही.

मी ठाण्याला कोलशेतच्या एका कंपनीत नोकरी करते. कंपनी चीनहून पॅकिंगची मशीनं मागवते, आणि मशीन बंद पडलं की तिकडच्या इंजिनिअरशी बोलायला कुणी नसायचं. म्हणून मी वर्षभर चिनी शिकायला चांग्शा नावाच्या शहरात निघाले होते. साहेबांनी बजावलं होतं, "वर्गात बसून कोणाला बोलता येतं? तिथली पोरं पकड. नाहीतर नमस्कार आणि धन्यवाद एवढंच घेऊन येशील."

चांग्शात रुंद नदी आहे, नदीच्या मधोमध लांबलचक बेट आहे आणि काठावर घोडबंदर रोडसारख्या इमारती आहेत. या सगळ्यावर लाच्याव (मिरची) तळल्याचा वास पसरलेला असतो. टॅक्सीतून उतरताच मला जोरदार ठसका लागला. त्यातल्या त्यात तेवढंच घरच्यासारखं वाटलं.

परदेशी विद्यार्थ्यांचं वसतिगृह वेगळं होतं. आमच्या मजल्यावर नागपूर, केरळ आणि ढाका असे सगळे आसपासचेच. पहिल्या दोन महिन्यांत माझं हिंदी बरंच सुधारलं. चिनी बोलायचे ते फक्त वसतिगृहाची देखरेख करणाऱ्या बाईंशी. त्यांना सगळे 'आयी' (मावशी) म्हणत. सर्दी झाली असं सांगितलं की आयी म्हणायच्या, "रअ-श्वेइ (गरम पाणी) पी." घरची आठवण येते असं सांगितलं, तरी तेच. या वेगाने मी गरम पाण्याशिवाय काहीच शिकणार नव्हते, आणि एकटेपणा होता तो वेगळाच.

लिन भेटली ती कॅन्टीनमध्ये. पुलांच्या इंजिनिअरिंगला होती. दुसरीकडे जागा नव्हती म्हणून माझ्यासमोर बसली. मी चिवडा पुढे केला. तिने मूठभर खाल्ला, विचार केला आणि म्हणाली, "छान आहे. पण तिखट कधी घालता?" आईचा तो चिवडा खाऊन आमच्या इमारतीतली माणसं पाणी मागतात. मी तिला खोलीतल्या मैत्रिणींसाठी अख्खा डबाच दिला. 'डबा परत दे' हे वाक्य अजून आमच्या धड्यात आलं नव्हतं. पुढचे काही दिवस आईने व्हिडिओ कॉल केला की मी डब्याचा विषय निघू द्यायचे नाही.

डबा परत आला. घासूनपुसून, वर छोटी संत्री भरून. आता आमच्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. काही नाही तर चमचाभर साखर तरी घालतात. म्हणून मी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात शिरा केला. त्यावर डब्यातून मान्-थोउ (वाफवलेले पाव) आले. मी पोहे पाठवले. पोहे मिळत नव्हते, म्हणून ओट्सचे. त्याची शिक्षा म्हणून असेल, पण पुढच्या खेपेला छोउ-तोउफू आलं. हे सोयाबीनचं पनीर, पण त्याला नाल्यासारखा वास येतो. केरळच्या मुलीने दोरीवरचे कपडे निमूटपणे आत नेले. मी ते सगळं खाल्लं. वासावरून वाटतं तेवढं वाईट नव्हतं. वाईट होतं, पण तेवढं नाही.

डबा घ्यायला-द्यायला आम्ही नदीकाठी भेटायचो. लिन माझे उच्चार सुधारायची, मी तिला चहात आलं घालायला शिकवलं. थंडी पडेपर्यंत मला चिनीतून चक्क भांडता येऊ लागलं. एकदा मी तिला विचारलं, "तू डबा दर वेळी भरून का आणतेस?"

"रिकामा दिला तर आजी मारेल," ती म्हणाली. तिच्या गावीही हीच रीत होती.

मी हसले, पण मला ते लागलं. म्हणजे हे मैत्रीचं होतं की दोन घरांच्या वळणाचं? तिला थांबता येत नव्हतं, मलाही नाही. डबा नसता तर ही मुलगी माझ्याकडे आली असती का?

त्याच सुमारास मला ताप आला. डबा माझ्याकडे होता, रिकामा. शिजवायची ताकद नव्हती. लिनचे मेसेज यायचे, "कुठे आहेस?" मी उत्तर द्यायचे, "अभ्यास." रिकामा डबा घेऊन जाणं शक्य नव्हतं आणि डब्याशिवाय तिला भेटायचं कसं, ते मला सुचत नव्हतं. मी सरळ तिला टाळू लागले.

एका दुपारी दार वाजलं. दारात लिन, तिच्यामागे थर्मास घेऊन आयी.

"डबा?" लिनने विचारलं.

"रिकामा आहे," मी पांघरुणातून म्हणाले.

तिने दोन्ही हात उघडून दाखवले. "मी पण रिकामीच आलेय."

मग ती पलंगाच्या कडेला बसली आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही. मला इतकं बरं वाटलं की रडू आलं. आयींनी त्यावरही गरम पाणीच दिलं.

परतायच्या आधी मी डबा शंकरपाळ्यांनी भरून लिनला दिला. ती मला विमानतळाच्या गाडीसाठी स्टेशनवर पोचवायला आली, तेव्हा तिच्या हातात काहीच नव्हतं.

"डबा?"

"शंकरपाळे संपले," लिन म्हणाली. "रिकामा कसा देऊ? भरायला वेळ लागेल. मी घेऊन येईन." गाडी सुटेपर्यंत आम्ही दोघी हवापाण्याबद्दल बोलत राहिलो.

घरी आईने बॅग तळापर्यंत उपसली. "माझा डबा कुठाय?"

मी सगळं सांगितलं. आईने एवढंच विचारलं, "दिलास तेव्हा भरलेला होता ना?"

"हो."

"मग येईल ती," असं म्हणून आई चहा टाकायला गेली.

आता कोलशेतला मशीन बंद पडलं की तिकडच्या इंजिनिअरशी मीच बोलते. साहेब खूश आहेत. मला मात्र ते वर्ष आठवतं ते लिनच्या उघड्या, रिकाम्या हातांमुळे. मैत्री म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं, आणि तेही तापात.

परवा ऑफिसात आईचा फोन आला. ती भांड्यांच्या दुकानात होती.

"अगं, त्या लिनचं आडनाव काय? हा माणूस नव्या डब्यावर नाव कोरायला बसलाय. नुसतं लिन बरं दिसत नाही."

"चन. पण त्यांच्यात आडनाव आधी लावतात."

"लावू दे की," आई म्हणाली. मग दुकानदाराकडे वळून म्हणाली, "कुमारी चन लिन. आणि खाली डोंबिवली पूर्व."