सुकटीचं ऊन

एस्नार्टच्या घरी पोट भरायचं ते उन्हावर. रात्री पुरुष होड्यांवर दिवे लावून सरोवरात जात आणि उजाडता उजाडता बोटाएवढ्या उसिपा मासळीच्या टोपल्या किनाऱ्यावर आणून ओतत. तिथून पुढे काम बायकांचं. बांबूच्या मचाणांवर मासळी पसरायची, उलटायची, कावळे हाकलायचे, पुन्हा उलटायची. ऊन जितकं कडक तितकी सुकट चांगली. आभाळ भरून आलं की बायकांची तोंडं उतरत.

अशा घरात एस्नार्ट जन्माला आली ती सोललेल्या शेंगदाण्यासारखी पांढुरकी. केस वाळल्या गवताच्या रंगाचे, आणि उजेडाकडे पाहताना डोळे सारखे थरथरायचे. थोरली फेरेसिया मात्र आईसारखी काळीभोर. आईने दोघींना सारखंच वाढवलं. आंघोळ झाली की दोघींच्या अंगाला डबीतली तेलकट जेली चोळायची. अंगाला तुकतुकी न आणता बाहेर पडणारं माणूस म्हणजे राखेत लोळून आलेलं, असं तिकडे बाया काय, पुरुष काय, सगळेच मानतात. त्या जेलीने फेरेसियाची कातडी चकाकायची आणि एस्नार्टची तळून निघायची. संध्याकाळी खांद्यांवर फोड यायचे. आई फोडांवर पुन्हा तीच जेली लावायची आणि म्हणायची, "हळूहळू निबर होईल." ती निबर कधी झालीच नाही. आई गेली तेव्हा तिच्या मचाणांपैकी अर्धी एस्नार्टच्या वाट्याला आली, आणि ऊन पूर्ण वाट्याला आलं.

लामेक हा पलीकडच्या गावचा मासेमार. बोलायला कमी, हसायला त्याहून कमी. एका सकाळी तो टोपली घेऊन आला आणि एस्नार्टच्या मानेकडे बघत उभा राहिला. मानेवरची सालं निघाली होती.

"दुखतं का?"

"नाही, गुदगुल्या होतात," एस्नार्ट म्हणाली. "टोपली ठेवा आणि वाटेला लागा."

त्याने टोपली ठेवली, पण वाटेला लागला नाही. तिच्या हातातलं मासळी उलटायचं फळकूट काढून घेतलं आणि म्हणाला, "तू त्या आंब्याखाली बस. कुठली बाजू उलटायची ते तिथून सांग."

तो असा चार दिवस आला, मग रोज येऊ लागला, आणि पावसाळा संपल्यावर तिच्या घरीच राहायला आला. तिकडे जावयाने बायकोच्या गावी येऊन राहायचं असतं, त्यात नवल काही नाही. पण जावयाने मासळी उलटायची हे कुणी पाहिलं नव्हतं. रात्री सरोवरावर, सकाळी दोन घटका झोप, आणि भर दुपारी बायकांच्या रांगेत हा एकटा बाप्या.

होडीवरचे गडी किनाऱ्यावरून ओरडत, "काय रे लामेक, बायको मेणाची केलीस का? वितळेल होय?"

"तुझी दगडाची आहे, म्हणून तर तू घरी जात नाहीस," लामेक म्हणायचा. बायका तोंडावर हात धरून हसत.

फेरेसियाची जीभ तिखट. तीसुद्धा एकदा बहिणीला म्हणाली, "नवरा नाही गं हा, छत्री आहे तुझी. जप त्याला."

ती वर्षं एस्नार्टची. पहाटे होड्या लागल्या की आणि दिवेलागणीला त्या निघायच्या आधी ती मचाणावर जायची, लामेक सोबत असायचा म्हणून. एकटीने अंधारात जायची सोय नव्हती. तिच्यासारख्या माणसांना पळवून नेऊन मारल्याच्या बातम्या तेव्हा येत होत्या. त्यांच्या हाडांनी नशीब उघडतं असं मानणारे लोक होते, आणि त्यांना हाडं विकणारेही होते. दिवसा ऊन आणि अंधारात माणूस, असा तिचा कोंडमारा. तो एका लामेकने सोडवला होता. तिच्या हातांची सालं निघायची थांबली. ओठ फुटायचा थांबला. त्याने बाजारातून रुंद काठाची गवती टोपी आणली होती, ती घालून ती चर्चला गेली तेव्हा पाद्रीबाबांनीही मान वळवून पाहिलं.

मग तिओंगे झाली. सुईणीने पोर गुंडाळून लामेकच्या हातात दिलं. तो बराच वेळ बघत राहिला. पोर आईवर गेली होती, नखापर्यंत.

"नाक माझं आहे," शेवटी तो म्हणाला.

पण त्याच्या घरचे लोक आले आणि बारसं जेवून जाताना त्याची आई अंगणातच बोलली, "एकीची सावली धरत होतास तोवर ठीक होतं. आता दोघींची धर. तुझ्यावर कोण धरणार?" एस्नार्ट आत मुलीला पाजत होती. तिने सगळं ऐकलं.

तिओंगे शाळेत जायला लागली त्या सुमाराला सरोवरात मासळी कमी झाली. होड्या रिकाम्या येत. गावातले तरणे एकेक करून दक्षिणेला जोनीला, खाणींच्या त्या मोठ्या शहरात, कामाला जाऊ लागले. लामेकही निघाला.

"तिकडे उन्हाचं मलम दुकानात मिळतं म्हणे," बोचकं बांधता बांधता तो म्हणाला. "कपडे धुण्याच्या साबणासारखं फळीवर मांडलेलं असतं. इथल्यासारखं दवाखान्यात हात पसरावे लागत नाहीत."

"आणि मचाणं?"

"फेरेसियाअक्का बघतील थोडे दिवस."

"थोडे म्हणजे किती हो?"

त्याने गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. "मलम पाठवतो," एवढंच म्हणाला.

पाठवलं त्याने, खोटं कशाला बोला. जोनीहून येणाऱ्या बसचा ड्रायव्हर पिशवी आणायचा. पिशवीत दोन बाटल्या, साखर, तिओंगेला बूट. शाळेतल्या बाईंनी बाटलीवरचं वाचून सांगितलं. बाहेर पडायच्या आधी लावायचं, दर थोड्या वेळाने पुन्हा लावायचं, ढग असले तरी लावायचं, कान आणि मान विसरायची नाही. मायलेकी सकाळी ओट्यावर समोरासमोर बसून एकमेकींच्या कानांना मलम लावत. चेहऱ्यावर पांढुरका थर बसायचा. तिओंगे हसायची, "आई, आपण आधीच पांढऱ्या, त्यात हा चुना!"

दुसऱ्या वर्षी दोनाची एक बाटली झाली. मग बस यायची आणि पिशवी नसायची. एस्नार्ट थांब्यावर उभी राहायची, टोपी पुढे ओढून. ड्रायव्हर टाळाटाळ करायचा. अखेर एक दिवस तो खाली उतरला.

"ताई, तुम्ही येत जाऊ नका. त्याने तिकडे घर केलंय."

"भाड्याचं?"

ड्रायव्हरने मान खाली घातली. तेव्हा तिला कळलं, कसलं घर ते.

ती घरी आली आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी मचाणावर उभी राहिली. फेरेसियाला स्वतःची मचाणं होती, सून बाळंतीण होती. ती तरी किती करणार? जिल्ह्याच्या दवाखान्यात मलम फुकट मिळायचं, पण मिळेल तेव्हा. कधी कपाट रिकामं, कधी माणशी एकच बाटली, आणि तीही पुढच्या खेपेपर्यंत पुरवायची. एस्नार्टच्या नावाची बाटली यायची आणि तिओंगेच्या नावाची यायची, पण दोन्ही मिळून एकीलाच धड पुरत. शाळा तासभराच्या वाटेवर होती, वाटेत झाड नाही. अंगभर लावायचं, मधल्या सुट्टीत पुन्हा लावायचं म्हणजे बाटली बघता बघता संपायची.

तेव्हापासून एस्नार्ट पहाटे लेकीच्या आधी उठू लागली. मक्याचं पीठ चिमूटभर घ्यायची, पाण्यात कालवायची आणि तोंडाला, हातांना फासायची. वाळलं की अगदी मलमासारखा पांढुरका थर दिसायचा. तिओंगेची नजर अधू, तिला काय कळणार?

"लावलंस, आई?"

"तुझ्या आधी. ये इकडे, कान दे."

असं किती काळ चाललं ते तिचं तिलाच ठाऊक. तिओंगे वाढली, उंच झाली, तिच्या अंगावर एक ठिपका नव्हता. अशा रंगाची इतकी नितळ पोर दवाखान्यातल्या नर्सनीही पाहिली नव्हती. त्या तिला दुसऱ्या आयांपुढे उभी करत. "हे बघा, असं सांभाळायचं!" एस्नार्ट ओढणी कानावरून ओढून घ्यायची आणि ऐकायची.

ओढणीखाली कानामागे खपली धरली होती. निघायची, पुन्हा धरायची. आधी मसुराएवढी, मग कवडीएवढी. पहिल्यांदा वास आला तो फेरेसियाला.

"सुकटीचा वास मला चांगला कळतो," ती म्हणाली. "हा सुकटीचा नाही. काढ ती ओढणी."

"अक्का, जाऊ दे."

फेरेसियाने ओढणी ओढली. जखम पाहिली. मग तिचं लक्ष बहिणीच्या गालाकडे गेलं. घामाने थर फुटून त्याचे गोळे झाले होते. तिने बोटावर एक गोळा घेतला आणि चाखला.

"पीठ?" ती म्हणाली. "अगं, तोंडाला पीठ लावून उन्हात उभी राहतेस? आणि मलम?"

"पोरीला सांगू नकोस," एस्नार्ट म्हणाली.

राजधानीच्या मोठ्या इस्पितळात तिघी गेल्या. डॉक्टरीण तरुण होती, थकलेली होती. जखम तपासता तपासता तिने विचारलं, "मलम लावत होतात का?"

"रोज लावते ती," तिओंगेच म्हणाली. "मी लावत नाही इतकं ती लावते."

डॉक्टरीण तिओंगेकडे वळली. तिचा हात उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला. मग आईचा हात शेजारी ठेवला.

"एकाच घरातले हे दोन हात," डॉक्टरीण हळूच म्हणाली. "एकाला तर कधी मलम लागलेलंच दिसत नाही."

तिओंगेने आईकडे पाहिलं. मग मावशीकडे, जिला ती मोठी आई म्हणायची. फेरेसियाने तोंड फिरवलं.

बाहेर पडवीत तिओंगेचा आवाज चढला. "मला विचारलंस? एकदा तरी विचारलंस? अर्धं अर्धं लावलं असतं!"

"अर्ध्याने दोघींचं वाटोळं झालं असतं."

"म्हणून काय, तुझ्या जिवावर मी गोरी मडम होऊन मिरवू? सगळ्यांपुढे उभं करायचे मला, आणि तू मागे बसून ऐकायचीस!"

"मला बरं वाटायचं ते ऐकून," एस्नार्ट म्हणाली.

शस्त्रक्रिया झाली. कान गेला, मानेचा बराच भाग गेला. थोडे महिने बरे गेले, मग गळ्यात गाठी आल्या. डॉक्टरणीने खरं काय ते सांगितलं आणि वेदनेच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं.

एस्नार्ट आतल्या खोलीत पडून असायची. सावलीच सावली आता. तिओंगे भात भरवायची, जखम धुवायची, पण बोलायची नाही. आणि एके दिवशी शेजारणीने येऊन सांगितलं की पोर टोपीविना, उघड्या खांद्यांनी मचाणावर उभी आहे, दोन दिवस झाले.

एस्नार्ट उठली. कशी उठली देव जाणे. भिंत धरत, मग कुंपण धरत ती वाळूपर्यंत आली. तिओंगेचे खांदे लाल झाले होते, फोड आले होते.

"घरात चल."

"तू उभी राहिलीस ना? मीही राहते."

एस्नार्टला ओरडायचं होतं, पण गळ्यातल्या गाठींनी आवाज निघेना. तिने स्वतःच्या अंगावरची चादर काढली आणि लेकीवर टाकली. तिओंगेने ती झटकली. तिने पुन्हा टाकली. पुन्हा झटकली. पलीकडून फेरेसिया धावत आली आणि तिने पोरीच्या थोबाडीत मारली.

"फेडायचं आहे होय तुला?" ती किंचाळली. "हिने आयुष्य घालवलं ते तू दोन दिवसांत मातीत घालणार? आणि तेही हिच्या डोळ्यांदेखत?"

तिओंगे रडली नाही. चादर डोक्यावरून घेतली आणि आईला धरून घरी नेलं. त्या रात्रीपासून ती पुन्हा मलम लावू लागली, आईसमोर बसून, मुकाट्याने, औषध घ्यावं तसं. एस्नार्ट नजर न हलवता बघत राहायची. कानाकडे बोट दाखवायची, राहिला म्हणून.

पावसाच्या तोंडावर ती गेली. आभाळ भरलेलं होतं, किनाऱ्यावर त्या दिवशी कुणाचीच सुकट वाळली नाही, म्हणून मातीला सगळ्या बायका आल्या. लामेकला निरोप धाडला होता. तो आला नाही.

तिओंगेला दूरच्या निवासी शाळेत जागा मिळाली. फेरेसियाने तिला मिनीबसमध्ये बसवून दिलं, बाटल्या बोचक्यात नीट ठेवल्या, टोपीची दोरी हनुवटीखाली बांधली. पोरीने पाया पडून निरोप घेतला, पण मागे वळून पाहिलं नाही. पहिल्या सुट्टीत ती आली नाही. दुसऱ्या सुट्टीतही नाही. एस्नार्टची मचाणं आता फेरेसियाच बघते. कुणी पोरीचं विचारलं तर मासळी उलटता उलटता म्हणते, "अभ्यास असतो तिला," आणि दुसऱ्या बाजूला जाते.