उघडल्याची वेळ

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवापुढे उभा राहिलो तरी नाही. तिथं मी मुद्दाम दुसरंच काहीतरी मागतो. मग तुम्हाला का सांगतोय? कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून.

मुरबाडला कापड रंगवायच्या कारखान्यात मी ऑफिसचं काम बघतो. कंपनीचं दुसरं युनिट आटगावला. दोन्हीकडचे निरोप आणि फायली एका सॉफ्टवेअरवरून येतात-जातात. कामगारांचे मोबाइल गेटवर जमा होतात, म्हणून आलेली सूचना मी छापायची, फळ्यावर लावायची, प्रत्येकाची सही घ्यायची — अशी आमची पद्धत. माझ्याकडून कागद निघाला नाही, तर आत कुणाला काही कळत नाही.

गेल्या आठवड्यात त्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. साहेब म्हणाले, यात नवीन काय आहे ते सगळ्यांना मराठीत समजावून सांगा. मी सांगितलं — मोठी फाइल मध्येच तुटली, तर आता तिथूनच पुढे येईल. एकच निरोप अख्ख्या पाळीला पाठवता येईल. आणि पाठवलेली फाइल कुणी, किती वाजता उघडली, तेही दिसेल... जुन्या फायलींचंसुद्धा. ही ओळ मी घाईघाईत वाचली आणि कागद उलटा ठेवला.

समोर बसलेले दशरथदादा म्हणाले, "म्हंजे आता कोनी काय लपवलं तर समजंल. बरा झाला, नाय का भाऊ?"

उजवा हात त्यांनी मांडीवर ठेवला होता. त्या हाताची मूठ आता वळत नाही.

कशाला घाबरलो होतो मी? आता सांगायलाच हवं, नाही का?

दोन वर्षं झाली. आटगावची सरिता आमच्याकडचीही यंत्रं तपासून जायची आणि तिथून अहवाल पाठवायची. कामाला चोख. त्या दिवशी तिची फाइल आली — वाफेच्या एका नळीचा व्हॉल्व्ह खराब आहे, तो बदलेपर्यंत नळी चालू करू नका. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. माझी शहापूरची एसटी सव्वापाचची. छापायचं, फळ्यावर लावायचं, सह्या घ्यायच्या... गाडी चुकलीच असती. म्हटलं, सकाळी लावू. सकाळी मी पोचायच्या आधीच पहिल्या पाळीनं नळी चालू केली आणि दशरथदादांचा हात भाजला.

चौकशीत मी म्हणालो, फाइल आलीच नाही. तेव्हा मोठ्या फायली वाटेत अडकायच्या, ते सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच पाठवणाऱ्यानं फोन करून खात्री करायचा नियम होता, आणि सरितानं फोन केला नव्हता. ती रडत होती — "मी पाठवलीय काका, तुमी तरी सांगा ना." मी कॉम्प्युटरकडे बघत राहिलो. निष्काळजीपणाचा ठपका ठेवून तिला कामावरून काढलं.

नवी आवृत्ती आल्यापासून चार दिवस मला घास गिळवेना. साहेबांनी हाक मारली की मी आधी स्क्रीन बंद करायचो. शेवटी सॉफ्टवेअरवाल्या माणसाला सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, उघडल्याची वेळ फक्त पाठवणाऱ्यालाच दिसते. त्याचं खातं बंद झालं असेल, तर कुणालाच दिसत नाही.

सरिताचं खातं तिला काढलं त्याच दिवशी बंद झालं होतं.

आणि मला — कसं लिहू हे? — मला हायसं वाटलं. त्या दुपारी मी अख्खा डबा खाल्ला. चार दिवस पकडलं जाण्याची भीती होती. आता त्या जेवणाची वाटते. एवढा निवांत कसा जेवलो मी?

फाइल आली होती. पूर्ण आली होती. मी ती उघडली, शेवटपर्यंत वाचली, बंद केली आणि धावत जाऊन एसटी पकडली. खिडकीजवळची जागा मिळाली होती.