कुशाबाईंच्या न्हाणीवरचा कॅमेरा

जुन्नर तालुका संपून आंबेगाव सुरू होतो, त्या शिवेवर कुशाबाईंचं घर. नवरा गेल्यापासून एक म्हैस आणि दीड एकर कांदा त्या एकट्याच सांभाळतात. बिबट्यावर नजर ठेवायला म्हणून ग्रामपंचायतीनं शिवेवर खांब रोवून कॅमेरा बसवला. बिबट्या काही दिसला नाही; त्याला बहुधा आधी कळवलं असावं. दिसत होतं ते कुशाबाईंचं अंगण, गोठा आणि बिनछताची न्हाणी, तेही अख्ख्या गावाला मोबाइलवर. "काकू, काल वांग्याचं कालवण व्हतं काय?" लोक आपुलकीनं विचारू लागले.

बाई अंधारातच अंघोळ उरकू लागल्या. न्हाणीवर गोणपाट बांधलं, ते वाऱ्यानं उडालं. तेही गावानं पाहिलं. शेवटी त्या सरपंच गोरखकडे गेल्या.

"गोरखभाऊ, तेवढं तोंड फिरवा त्याचं."

"काकू, तुमच्याच सुरक्षेसाठी हाय ते. लपवण्यासारखं काय न्हाई, तर भ्यायचं कशाला?"

गोरखच्या स्वतःच्या घरावर कॅमेरा नव्हता. त्याला सुरक्षेची हौस नसावी.

शेजारी बसलेला हौशीराम म्हणाला, "आन् काकू, ह्या वयात तुमाला बघतंय कोण?"

"तूच की. गोणपाट उडालं तवा पयला फोन तुजाच आला."

हशा झाला. कॅमेरा हलला नाही.

पुढच्या ग्रामसभेत बाईंनी न्हाणीचं नावही काढलं नाही. "म्हशीचं दूध निम्म्यावर आलंय. धार काढताना सारं गाव बघतंय. दृष्ट लागली जनावराला."

म्हैस गाभण होती आणि आटत चालली होती, हे त्यांनी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. सभा गंभीर झाली. बाईची लाज हा घरगुती प्रश्न. दूध हा गावाचा.

"मुक्या जिवाचा तळतळाट नको राव," हौशीरामच आधी उठला.

पण कॅमेरा वळवायचा कुठं? एका अंगाला आदेशची द्राक्षं भरात आलेली, दुसऱ्या अंगाला गोरखचा नवा बंगला. दृष्ट कुणालाच परवडण्यासारखी नव्हती. अखेर एकमतानं कॅमेऱ्याचं तोंड आंबेगावच्या हद्दीकडे करण्यात आलं. तिकडच्यांना विचारायचा प्रश्नच नव्हता.

दुसऱ्या दिवशी चांगलं ऊन वर आल्यावर कुशाबाईंनी बंब पेटवला आणि डोक्यावरून सावकाश अंघोळ केली.

केस वाळवत बसल्या होत्या, तोच शिवेपलीकडची वैजयंती तणतणत आली. "काकू, ते आता आमच्या न्हाणीवर आलंय. तुमी सभेत काय सांगितलं व्हतं?"

"तुज्याकडं दुभतं काय हाय?"

"दोन शेळ्या."

"चालंल," कुशाबाई म्हणाल्या. "बस, सांगते."