मंगळवारचं हळदीकुंकू

माझी मुलगी माझ्याशी इंग्रजीत बोलते आणि समोरच्या घरातल्या काकूशी मराठीत. मोडकंतोडकं, ‘तो’ आणि ‘ती’ची वाट लावत, पण मराठीत. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी ओट्याशी पोळ्या लाटत होते आणि अंगाचा नुसता तिळपापड झाला. लहानपणी दर रविवारी हिला मराठी शाळेत नेऊन सोडणारी मी, तासभर पार्किंगमध्ये कुडकुडणारी मी, आणि गप्पा कुणाशी? तर तिच्याशी!

ती नागपूरची, मी पुण्याची. इकडे अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत आम्ही एकाच वर्षी घरं घेतली, नागरिकत्वाची शपथही पुढेमागेच घेतली. तोवर सगळं ठीक होतं. मग प्रायमरीचा, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीचा, मोसम आला आणि आमच्या पक्षात उघड दोन तट पडले. एकीकडे आमचा जुना खासदार, सावध, सगळ्यांना धरून चालणारा. दुसरीकडे त्याच्याविरुद्ध उभी राहिलेली तरुण बाई, जिला सगळ्यांसाठी सरकारी आरोग्यविमा हवा, घरभाड्यावर मर्यादा हवी आणि हे सगळं आत्ताच्या आत्ता हवं. मी जुन्याच्या बाजूची. समोरची त्या बाईच्या बाजूची. आणि माझी मुलगी, कॉलेज संपवून घरी आलेली, समोरचीच्या बाजूची.

“अगं, नोव्हेंबरात पलीकडच्या पक्षाला हरवायचंय,” मी म्हणायचे. “आधी आपसातच कशाला डोकी फोडताय?”

“आई, दॅट्स जस्ट फिअर,” ती म्हणायची आणि बूट घालून रस्ता ओलांडून जायची.

फिअर म्हणे! व्हिसावर दहा वर्षं काढा, मग सांगा मला फिअर. पण खरं सांगायचं तर मला त्या विम्याचं आणि भाड्याचं काही पडलेलं नव्हतं. मी खिडकीतून बघायचे. समोरच्या अंगणात जमीन गोठलेली, म्हणून या दोघी प्रचाराच्या पाट्या बर्फाच्या ढिगात खोचायच्या आणि खो खो हसायच्या. माझ्याबरोबर ही शेवटची अशी कधी हसली होती ते मला आठवेना. या समोरचीत असं काय आहे जे माझ्यात नाही, हा एकच प्रश्न डोक्यात घोळायचा. भाजी करपायची त्यात.

आमच्या राज्यात प्रायमरीच्या कितीतरी आधी, फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी संध्याकाळी, पक्षाच्या वस्तीवार सभा होतात. शाळेच्या एकेका वर्गात एकेका वस्तीची माणसं जमतात आणि पुढच्या अधिवेशनासाठी आपले डेलिगेट, म्हणजे प्रतिनिधी, निवडतात. माझ्या मुलीला डेलिगेट व्हायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच तिला काहीतरी इतकं मनापासून हवं होतं. समोरचीने तिला हाताशी धरून वस्तीतल्या आपल्या बायकांच्या घरोघरी नेलं. सहा जणींनी कबूल केलं, आम्ही येऊ, तुलाच मत देऊ. मुलगी आनंदाने घरी आली आणि म्हणाली, “काकू इज अमेझिंग.”

झालं. दुसऱ्या दिवशी मी त्याच सहा जणींना हळदीकुंकवाचं बोलावणं केलं. त्याच मंगळवारी संध्याकाळी सहाला.

इकडे हळदीकुंकू शनिवारीच करतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी स्वतः इतकी वर्षं शनिवारीच केलं. पण कुणी विचारलं तर उत्तर तयार होतं: मंगळवार, देवीचा वार. आणि हळदीकुंकवाला नाही कोण म्हणतं? सगळ्या म्हणाल्या, सहाला येतो, सभा सातला आहे, उरकून जाऊ. मी मनात म्हटलं, बघू कशा जाता ते.

समोरचीलाही बोलावलंच होतं. तिला वगळलं असतं तर सगळ्यांच्या डोळ्यावर आलं असतं. ती साडेपाचलाच आली, जाडजूड कोट, पायात स्नो बूट, शाळेत पुढे जाऊन खुर्च्या मांडायच्या होत्या. मी कुंकू लावलं, तिळगूळ दिला, वाण म्हणून सिलिकॉनची झाकणं दिली. तिने माझ्याकडे पाहिलं.

“मंगळवारी ठेवलंस?”

“देवीचा वार,” मी म्हटलं.

ती “हो” म्हणाली आणि गेली.

पावणेसातला बायका उठायला लागल्या. मी म्हटलं, अगं, मसाला दूध तरी घ्या, बाहेर उणे वीस आहे. दूध झालं. मग म्हटलं, उखाणा घेतल्याशिवाय कुणी जायचं नाही हं! एकीने घेतला, दुसरी लाजली, तिसरीला आठवेना, मग तिला सगळ्यांनी मिळून जुळवून दिला. मीही घेतला, चांगला लांबलचक. हसता हसता पावणेआठ वाजले. कुणीतरी घड्याळ पाहून “अय्या!” म्हणाली, आणि आता थंडीत कुठे जायचं, तिथलं आटोपलं असेल, म्हणून सगळ्या पुन्हा बसल्या. मी त्यांना चिवडा वाढला. त्या वेळी मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू.

मुलगी दोन मतांनी पडली.

ती साडेआठला आली. मी ताटल्या विसळत होते. पाठ तिच्याकडे ठेवून वाट पाहत होते की आता ती ओरडेल, आता दार आपटेल. तिने मागून मला मिठी मारली. रडून रडून नाक बंद झालं होतं तिचं.

“आय ॲम सो सॉरी, आई.”

“तू कशाला सॉरी?”

ती माझ्याशी चक्क मराठीत बोलायला लागली. “मला वाटलं तू मुद्दाम केलंस. मी शाळेत सगळ्यांसमोर म्हटलं पण तसं. तुझ्याबद्दल मी खूप वाईट बोलले. मग काकू मला बाहेर घेऊन गेली. ती म्हणाली, तुझी आई असं कधीच करणार नाही. तिच्यासाठी तो देवीचा वार आहे, सभेची तारीख तिच्या लक्षातही नसेल.” तिने माझा चेहरा स्वतःकडे वळवला. “नव्हती ना लक्षात?”

समोरचीला सगळं कळलं होतं. साडेपाचलाच, माझ्या दारात उभं असताना कळलं होतं. आणि तरीही माझी मुलगी तिने मला परत आणून दिली होती. मला लाज वाटायला हवी होती. वाटलीही असेल. पण आधी जे वर आलं ते तेच, जुनंच: हेही हिलाच जमावं?

“नव्हती गं लक्षात,” मी म्हटलं.

तिने लगेच विश्वास ठेवला. काकूने सांगितलं होतं ना.