माझा डावा कान आणि ह्यांचे प्रवास

मेल्या म्हशीला मणभर दूध, असं म्हणतात. पण आमचे हे गेल्यावर लोक जे गुण गात होते त्यातलं बहुतेक खरंच होतं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर म्हणाल, बाई जळकी दिसते.

छापखान्यांत मशिनं बसवायचं त्यांचं काम. कंपनी देशोदेशी पाठवायची. पायाला भिंगरी बांधलेली. कारखान्यात सगळे त्यांना 'भोवरा'च म्हणायचे. पण घरी असले की पुरते घरचे. माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा शाईनं काळी झालेली नखं घासघासून धुवायचे आणि मग तिची वेणी घालायचे. प्रवासाहून आले की बॅगही न उघडता स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसायचे. कुठल्या पुलावर वारा कसा होता, कुठल्या म्हातारीनं ह्यांना भलत्याच रस्त्याला कसं लावलं, सगळं साग्रसंगीत. मी भांडी विसळत ऐकायची. निम्मं जग मी त्या नळापाशी उभं राहून पाहिलंय.

"वहिनींनाही न्या की एकदा," धाकटे दीर म्हणायचे. हे लगेच हळूच माझ्या डाव्या कानाला हात लावायचे. "पडदा फाटलाय रे हिचा. विमानात बसली तर कायमची बहिरी होईल. डॉक्टरांनी बजावून सांगितलंय." सांगताना आवाज कातर. मलाच अपराधी वाटायचं, माझ्यापायी बिचाऱ्याला एकट्यानं हिंडावं लागतं म्हणून. काय म्हणावं माझ्या अकलेला!

लेकीचं बाळंतपण परदेशात झालं. मी जाऊ शकले नाही. हे गेले, दोन महिने राहिले, लंगोट धुण्यापासून सगळं केलं. मी इथे फोन धरून रडत बसले. तेव्हापासून लेक माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते. अकरा वर्षं झाली. बाबांशी मात्र तासन्‌तास गप्पा चालायच्या.

परवा लोकांचं येणंजाणं ओसरल्यावर ती म्हणाली, "तुझे कागदपत्र करून घेऊ. चल माझ्याकडे. की अजून कान आडवा येतोय?"

फार लागलं मला. पण म्हटलं, आता उरलंय काय, बहिरी तर बहिरी. तरी विचारून घ्यावं म्हणून त्याच कानाच्या डॉक्टरांकडे गेले. आता म्हातारे झालेत. त्यांनी कानात उजेड पाडून दोनदा बघितलं.

"पडदा छान आहे की."

"विमानात बसले तर?"

"खुशाल बसा! अहो, तेव्हाच दोन महिन्यांत भरून आला होता तो. यजमानांना सांगितलं होतं मी. तुम्ही कानात कापूस घालून बाहेर बाकावर बसला होतात."

तळपायाची आग मस्तकात गेली. केसानं गळा कापला हो माझा, तोही वीस वर्षं, माया करत करत! एकट्यानं हिंडायचं होतं तर तोंड उघडून सांगायचं. भांडले असते, चार दिवस अबोला धरला असता आणि पाचव्या दिवशी बॅग भरून दिली असती. पण लेकीच्या वेळी? तेव्हा तरी? विचारायचं कोणाला आता.

वाटभर मनात एकच होतं. लेकीला कळायला हवं, मी टाळलं नव्हतं.

घरी आले तर ती बाबांच्या शर्टांच्या घड्या घालत होती. एक स्वतःसाठी बाजूला काढला होता. मी चपलाही न काढता म्हणाले, "माझा कान ठणठणीत आहे. तेव्हाही होता."

"माहीत आहे," ती मान वर न करता म्हणाली. "बाबांनी तेव्हाच सांगितलं होतं."

"काय सांगितलं?"

"की तुला काही झालेलं नाही. यायचं नाही म्हणून कानाचं निमित्त करतेस. म्हणाले, आईला बोलू नकोस, तिचा स्वभावच तसा. नाही बोलले मी."

"अगं, खोटं बोलले ते! बहिरी होशील असं मला त्यांनीच सांगितलं होतं. विचार डॉक्टरांना. चल, आत्ता चल."

तिनं बाजूला काढलेला शर्ट उचलून छातीशी धरला.

"आई, त्यांना जाऊन पंधरा दिवस नाही झाले गं," ती म्हणाली. "आता तरी त्यांच्यावर ढकलू नकोस."